कोरडी वाटी

१

शिवणबाई दार उघडायला उठल्या म्हणून वाचल्या, नाहीतर ही गोष्ट वेगळीच झाली असती.

वेळ दुपारची, अडीच-पावणेतीनची. अख्खी इमारत पेंगत होती. पडदे ओढलेले, पंखे आपले स्वतःशीच कुरकुरत फिरताहेत, जिन्यातलं मांजरसुद्धा तिसऱ्या पायरीवर वितळून पडलेलं. अशा वेळी कोणीतरी बेल वाजवली. शिवणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, "आता कोण कडमडलं बाई!" म्हणत त्या दारापर्यंत गेल्या, आणि मागे छत खाली आलं. चांगला पलंगाएवढा गिलावा, आणि त्यामागून बदाबदा पाणी. खुर्चीची पाठ मोडली. मापांचे कागदी नमुने, तीस वर्षं जपलेले, कोणाच्या लग्नातले, कोणाच्या पहिल्या नोकरीच्या कोटाचे, सगळ्यांचा जमिनीवर लगदा झाला. बेल वाजवणारी बाई बाह्या आखूड करून घ्यायला आली होती. ती किंचाळली, शिवणबाई मात्र हातातल्या टाचण्या मोजत उभ्या राहिल्या. ज्या खुर्चीवर दिवसातले आठ तास बसतो तिच्यावर छत पडलेलं बघून माणसाला दुसरं काय सुचणार!

वरच्या मजल्यावर तारमास्तरांचं घर. जुन्या तारखात्यात त्यांनी उभी हयात काढली, म्हणून हे नाव. त्यांचं स्वयंपाकघर नेमकं शिवणबाईंच्या खुर्चीवर यायचं. त्या दुपारी घराला कुलूप होतं. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. सूनबाई वाचनालयात कामाला. आणि स्वतः तारमास्तर आठ दिवसांपासून लेकीकडे, दुसऱ्या गावी. कुलूप तोडून लोक आत गेले, तर सिंकखालच्या जोडातून बोटाएवढी धार उडत होती.

संध्याकाळपर्यंत इमारतीने निकाल लावूनही टाकला. नळताईचं काम कच्चं!

नळताई म्हणजे चारही विंगांची नळकामं बघणारी बाई. वयाने पस्तिशीची. वडील गेले तेव्हा तिने त्यांची हत्यारांची पिशवी उचलली. "बाईमाणूस काय नळ दुरुस्त करणार?" म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायला तिला सहा वर्षं लागली होती. उघडायला एक दुपार पुरली. आणि त्यांचंही अगदीच चुकलं म्हणता येत नव्हतं. शिवणबाईंच्या छताला ओल येते म्हणून गेल्या दीड वर्षात तिला तीनदा बोलावलं होतं. तिन्ही वेळा तिने तोच जोड खोलला, आतला रबरी वायसर बदलला, आणि "आता काळजी नको" असं सांगून गेली.

रविवारी कमिटीची सभा ठरली. विषय एकच, नळताईला ठेवायचं की काढायचं. इथून काढलं की शेजारच्या इमारतीही तिला दारात उभी करणार नव्हत्या.

ती तडक मामाकडे गेली. "मामा," ती म्हणाली, "तू एकदा ऐकून बघशील?"

२

बघशील नाही, ऐकून बघशील. कारण मामांचा धंदाच ऐकण्याचा होता. पाणीखात्यात चौतीस वर्षं त्यांनी एक लांब लाकडी दांडा घेऊन रस्ते पालथे घातले. दांड्याचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. खाली कुठे नळ फुटलाय ते खणायच्या आधी सांगायचे. निवृत्त झाले तरी सगळं गाव त्यांना कानमामाच म्हणायचं, आणि भाची सोडून सगळे त्यांना अहोजाहो करायचे.

शुक्रवारी दुपारी मामा तारमास्तरांच्या स्वयंपाकघरात शिरले. सूनबाईंनी रजा टाकली होती. तारमास्तर आदल्याच दिवशी परतले होते आणि आतल्या खोलीत पडले होते. पाण्याची मुख्य चावी बंद होती, कशालाही हात लावू नका असं नळताईने बजावलं होतं, त्यामुळे सगळं होतं तसं होतं. खिडकीतून ऊन तिरपं येऊन फरशीवर पडलं होतं, आणि त्या उन्हात बसून मामांना उगाच वाटलं, आपण एखाद्या संथ तळ्याच्या तळाशी बसलोय.

ते सिंकखाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"सापडलं काही?" सूनबाईंनी विचारलं. त्यांचा स्वर धारदार होता. झोप झाली नव्हती आणि दोन दिवस इमारतभर त्यांच्याही नावाने कुजबुज चालली होती. नळ उघडा टाकून गेली असेल, दुसरं काय!

"ही वाटी कोणाची?"

जोडाच्या खाली, अगदी मागच्या कोपऱ्यात, स्टीलची छोटी वाटी होती.

"ती होय? ती असते तिथे. कधीची आहे."

"आणि तुम्ही ती कधी ओतता?"

"ओतायला त्यात काय असतं? मी रोज फरशी पुसते ना, रोज बघते. कायम कोरडी ठणठणीत. मामा, मी शपथ घेऊन सांगते, माझ्या स्वयंपाकघरात एक थेंब गळत नव्हता. नळताई तिन्ही वेळा आली तेव्हाही कोरडंच होतं. विचारा तिला."

मामांनी वाटी उन्हात धरली. आत पांढरी कडी होती, एकात एक, एकावर एक, नखाने खरवडली तरी न निघणारी. पाणी वाळलं की मागे क्षार राहतात. एका दिवसाच्या धारेने अशी कडी बसत नाहीत. त्याला महिनोन्‌महिने लागतात, थेंबाथेंबाने.

"बाई, तुम्ही खोटं बोलत नाही," मामा म्हणाले. "आणि वाटीही खोटं बोलत नाही. म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय."

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि जोडाच्या पितळी नटावर धरलं. नटाच्या कडांवर बारीक दातांचे चावे होते. एक नाही, दोन नाही, शेकड्यांनी.

नळताईचा पाना गुळगुळीत जबड्याचा होता. पितळ ओरबाडलं जाऊ नये म्हणून ती त्यावर फडकं गुंडाळायची. मामांनीच शिकवलं होतं तिला ते.

३

"चावे माझे नाहीत," नळताई म्हणाली. जिन्याच्या पायरीवर दोघं बसली होती. मांजर मध्ये होतं.

"ते माहीत आहे मला. मग तोंड का उतरलंय?"

ती मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग पिशवीच्या आतल्या कप्प्यातून तिने कागदाची पुडी काढली आणि मामांच्या तळहातावर उलटी केली. काळा रबरी वायसर, एका बाजूने आरपार चिरलेला.

"तिसऱ्या वेळचा आहे," ती म्हणाली. "म्हणजे दुसऱ्या वेळी मी बसवलेला. चार महिन्यांचा, मामा. फक्त चार महिन्यांचा! पहिला सात महिने टिकला, हा चार. असा वायसर मी वीस वर्षं जुन्या नळातून काढते. मला तेव्हाच चर्र झालं होतं."

"मग?"

"मग काय? मला वाटलं, दुकानदाराने माल खराब दिला. तोच माल मी तीस घरांत बसवलाय. बोलले असते तर तीस घरं माझ्या अंगावर आली असती. म्हणून हा खिशात टाकला, नवा बसवला आणि आले निघून. वायसर जिच्यावर टेकतो ती पितळेची बैठक बघायला हवी होती. बघितली नाही."

चौतीस वर्षांत मामांनी कितीतरी फुटके नळ शोधले होते, पण कोणताच घरचा नव्हता. आता चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेत म्हणून ते तावातावाने आले होते, आणि संन्याशाच्याच झोळीत हे निघालं.

"हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सभेत बोलू नकोस," मामा म्हणाले. स्वतःच्या आवाजाचीच त्यांना लाज वाटली, पण ते बोलून गेले होते. "आधी ते चावे कोणाचे ते बघू दे मला."

४

तारमास्तर खाटेवर बसले होते. खाट भिंतीला लावलेली, उशी भिंतीकडे, आणि भिंतीपलीकडे सिंक. डोळे लालभडक. चष्म्याची मोडलेली काडी तांब्याच्या तारेने बांधली होती, इतके नीट वेढे घालून की मामांनी मनातल्या मनात दाद दिली.

"लेकीकडे आराम झाला का मास्तर?"

"कसला आराम! आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. नवं घर त्यांचं, सगळं बंद, सगळं गुपचूप. कानात कापूस घातल्यासारखं." ते हसले. "इथे बरं असतं. गेली दीड-दोन वर्षं मी इथे लहान मुलासारखा झोपलोय."

"आणि कालपासून?"

"कालपासून इथेही नाही." मग थोडं थांबून, "पाणी कधी सोडणार हो?"

"तहान लागलीये?"

"छे, छे. पाण्याच्या बाटल्या आहेत की. आपलं सहज विचारलं. आणि तो जोड... तोच ठेवतील ना? की नवा बसवतील?"

मामा खुर्ची ओढून बसले. बाहेर कोणाच्या तरी घरात शिट्टीवर गाणं वाजवल्यासारखा बारीक आवाज येत होता आणि विरत होता.

"तारयंत्राची ती किल्ली," मामांनी विचारलं, "कडकट्ट करणारी. तिला आतून फट ठेवायला लागते म्हणे?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "लागते म्हणजे! सगळा जीव त्या फटीत. फट जास्त झाली की ठोका आळसावतो, कमी झाली की अडखळतो. बाजूला एक स्क्रू असतो. तो किती फिरवायचा ते पुस्तकात नाही सापडत, हाताला कळतं. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. लोक माझ्याकडे किल्ल्या लावून घ्यायला यायचे, सांगतो काय!"

"आणि तो स्क्रू फिरवायची पक्कड तुमची स्वतःची?"

"अजून आहे. बारीक दातांची, अशी—"

मास्तर थांबले. त्यांचा हात उशीखाली गेला होता.

५

"सूनबाई, जरा इकडे या," मामांनी स्वयंपाकघरात येऊन हाक मारली. "नळताईलाही बोलवा. आणि शिवणबाई येत असतील तर त्यांनाही."

शिवणबाई आल्या, पण बसल्या नाहीत. दाराला टेकून उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून.

मामांनी नळताईला जोड गच्च आवळायला सांगितलं आणि मुख्य चावी जराशी उघडायला लावली. मग दांड्याचं टोक नळावर टेकवून दुसरं टोक सूनबाईंच्या कानाला लावलं.

"बाहेर थेंब दिसतोय?"

"नाही."

"ऐकू काय येतंय?"

सूनबाईंनी डोळे मिटले. "बारीक शीळ. कोणीतरी दातांतून हवा सोडल्यासारखी."

"ते पाणीच. नट आवळलेला आहे, तरी वाट काढतंय. नळाच्या पाठीने, भिंतीच्या आत, खालच्या छतात. आपण सगळे विचारत बसलो, त्या दुपारी घरात कोण होतं? प्रश्नच चुकला. छत त्या दुपारी पडलं, पण त्याचं काम दीड-दोन वर्षं चाललं होतं."

ते फरशीवर मांडी घालून बसले. समजावून सांगायची वेळ आली की ते नेहमी खाली बसत.

"आपल्याला वाटतं, गळती ही ठेवली तेवढीच राहते. आज थेंब, उद्याही थेंब. अहो, नळातलं पाणी दाबाने कोंडलेलं असतं. केसाएवढी फट मिळाली की ते त्यातून जोरात घुसतं, बरोबर बारीक रेती असते, ती रबर कापते. फट वाढली की पाणी वाढतं, पाणी वाढलं की फट वाढते. थेंब वाळला की क्षाराचा खडा राहतो, तो वायसरला नीट बसू देत नाही. मग पितळेच्या बैठकीतच चर पडतो. एकदा तिथे चर पडला की वर कितीही नवे वायसर घाला, पाणी जुन्याच वाटेने येतं. म्हणून पहिला सात महिने टिकला, दुसरा चार, तिसरा त्याहून कमी. आणि छतात गेलेलं पाणी सळ्या गंजवतं, गंज फुगतो, गिलावा सुटतो."

"पण वाटी कोरडी होती!" सूनबाई म्हणाल्या.

"दिवसा कोरडी. कारण दिवसा नट आवळलेला असायचा. घर झोपलं की कोणीतरी तो पाव आटा सैल करायचं, आणि घर उठायच्या आत आवळून वाटी पुसून ठेवायचं. म्हणून नळताईला कधी थेंब दिसला नाही. एवढी उघडझाप केली तर वायसर दगडाचा असला तरी झिजेल. शेवटी गावाला जाताना त्या माणसाने नट चांगला गच्च आवळला, सगळं नीट करून जातोय असं समजून. तोवर बैठकीला चर पडला होता. आठ दिवसांत राहिलेला वायसर चिरत गेला, आणि आठव्या दुपारी संपला."

मग आतल्या दारातून तारमास्तर पुढे आले आणि त्यांनी पक्कड ओट्यावर ठेवली.

"मी," ते म्हणाले. "ही गेल्यापासून मला घर ऐकू येत नव्हतं, सूनबाई. चाळीस वर्षं दिवसा ऑफिसात कडकट्ट आणि घरी हिची बडबड. एकदम सगळं मुकं. चार-चार तास छताकडे बघत पडायचो. एकदा हा जोड आपणहूनच थोडा गळला. टिप... टिप... आणि मला झोप लागली. मग तो थेंब मीच लावून घ्यायला लागलो. दर दोन सेकंदांना एक. एवढ्याशा थेंबाने कोणाचं काय बिघडणार, असं वाटलं. पहिल्यांदा पाव आटा लागायचा. नंतर नुसता हात लावला तरी सुटायचा. तरीही कळलं नाही मला. की कळूनही..."

"माझ्या डोक्यावर तुमची झोप पडली असती, मास्तर," शिवणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घातली. "हो."

सूनबाई रडत होत्या, आणि रागावल्याही होत्या. "मला उठवायचं होतंत ना! शेजारच्या खोलीत तर असते मी. दोन वर्षं, बाबा! मला वाटायचं, तुम्ही सावरलात. मी ह्यांना तसं कळवतसुद्धा होते."

"उठवून काय सांगणार होतो, बाई?"

"हेच. झोप येत नाही, एवढंच. आपण बसलो असतो."

६

रविवारी सकाळी कमिटीची सभा तळमजल्यावर भरली. तारमास्तर काठी टेकत उभे राहिले आणि त्यांनी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सूनबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्या बसल्या नाहीत. लोक थोडे कुजबुजले, थोडे हळहळले. अध्यक्षांनी घसा खाकरला. "म्हणजे नळताईंचा यात काही दोष नाही, हे सिद्ध झालं. काम त्यांच्याकडेच राहील. हरकत?"

हरकत कोणाचीच नव्हती. मामांनी सुटकेचा श्वास सोडला आणि भाचीकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं. चल, उठ आता.

ती उठली, पण निघाली नाही.

"माझा दोष आहे," ती म्हणाली.

मामांना वाटलं, आपल्याला ऐकू चुकीचं आलं.

नळताईने पुडी उघडून तो चिरलेला वायसर टेबलावर ठेवला. "हा चार महिन्यांत असा झाला होता. मी बघितला होता. तेव्हाच विचारायला हवं होतं की असं का होतंय. बैठक तपासली असती तर छत पडलं नसतं. मी घाबरले. माल खराब निघाला तर सगळे मला काढतील, म्हणून लपवला. मास्तरांनी सांगितलं, मग मी कशी गप्प बसू?" ती अध्यक्षांकडे वळली. "आता काय ठरवायचं ते ठरवा. मामा सांगत होता बोलू नकोस म्हणून, पण मला राहवत नाही."

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. मामांचे कान लालबुंद झाले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना सत्तराव्या वर्षी कळलं, पण मनातून, खरं सांगायचं तर, पोरीचा इतका अभिमान त्यांना कधीच वाटला नव्हता.

अध्यक्ष कागद चाळायला लागले. त्यांत काही लिहिलेलं नव्हतं. कोणीतरी मागून म्हणालं, "मग परत मतं घ्यायला लागतील."

"कसली मतं?" शिवणबाई उठल्या. "छत माझ्यावर पडणार होतं. तुमच्यावर नाही." त्या टेबलापर्यंत आल्या, वायसर उचलला, उजेडात धरून शिवण बघावी तसा दोन्ही बाजूंनी बघितला आणि खाली ठेवला. नळताई मान खाली घालून उभी होती.

"माझ्या न्हाणीघरातला नळ महिनाभर टिपकतोय," शिवणबाई म्हणाल्या. "मीही कोणाला बोलले नाही. म्हटलं, एवढासा तर आहे. उद्या सकाळी ये."

नळताईने मान वर केली. "किती वाजता येऊ?"

"आठला ये. आणि आत काही वेडंवाकडं दिसलं तर मला हाक मार. मी घरातच असते."